मुद्रक, प्रकाशक आणि पैका मोजणारा

निवडणुकीच्या दिवसांत घरोघर पडणाऱ्या पत्रकाच्या अगदी तळाशी, उमेदवाराचे छायाचित्र, पक्षाचे चिन्ह, विकासाची ग्वाही आणि 'प्रचंड बहुमतांनी विजयी करा' ही विनवणी अशी सगळी आरास मांडून झाल्यावर, छापखान्यातल्या सर्वांत बारीक टायपात जुळवलेली एक ओळ असते. 'मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, प्रती इतक्या' एवढाच तिचा मजकूर. मतदार ती वाचत नाही, उमेदवाराला ती नसती तरी चालले असते, आणि छापखानेवाला ती घालतो तो केवळ कायद्याच्या धाकाने. अशा या उपेक्षित ओळीला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आता ज्यास अहिल्यानगर म्हणावयाचे त्या जिल्ह्यात, घडलेला आहे. या ओळीत दोन नावे असतात. तिसरे नाव, म्हणजे ज्याने त्या पत्रकाचा पैका मोजला त्याचे, तीत कधीच नव्हते. ते का नव्हते आणि ते विचारण्याची पाळी आली तेव्हा तेव्हा काय झाले, याची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे.

कागद कोणाचा, हे पाहण्याची आमच्याकडील रीत छापखान्याहून पुष्कळ जुनी. निजामशाहीच्या काळी आणि पुढे पेशवाईतही शिक्क्यावाचून सनद नव्हती, आणि मोर्तब उमटल्यावाचून पत्र पुरे झाले असे कोणी मानीत नसे. हुकूम कोणाच्या दरबारातून निघाला हे कागदाने स्वतःच सांगावे, अशी राज्यकारभाराची अपेक्षा असे. छापखाना आला तेव्हा मात्र ही सोय मोडली, कारण खिळ्यांना हस्ताक्षर नसते. एकाने लिहिलेले दुसरा जुळवतो, तिसरा वाटतो, आणि वाचणाऱ्याच्या हाती येतो तो कोणाचाच नसलेला कागद. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरहूनच निघू लागले, म्हणजे या जिल्ह्याला छापील मतप्रचाराची ओळख मराठी मुलखातील पुष्कळ ठिकाणांपेक्षा आधी झाली असे म्हणावयास हरकत नाही. आणि मिशनचे पत्र आपण कोणाचे हे लपवीत नसले, तरी सरकारास काळजी होती ती लपवणाऱ्यांचीच. सत्तावन्नचा उठाव होऊन दहा वर्षे लोटली नाहीत तोच १८६७ चा मुद्रणालये व पुस्तके नोंदणीचा पंचविसावा कायदा आला, आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे स्थळ, आणि प्रकाशक असल्यास त्याचेही नाव व ठिकाण, स्पष्ट असले पाहिजे असे त्याने ठरवून टाकले. छापखाना बाळगणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जबानी लिहून द्यावयाची ही रीतही याच कायद्याची. हा कायदा इतका दीर्घायुषी ठरला की २०२३ साली झालेला नवा कायदा १ मार्च २०२४ रोजी अमलात येईपर्यंत तो जिवंत होता.

या कायद्याचा हेतू वाचकास काही कळावे हा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कागद आक्षेपार्ह निघाला तर फौजदाराने कोणाच्या दारी जावे, एवढेच सरकारास हवे होते. म्हणूनच बेचाळीसच्या चळवळीत, ज्या वेळी नेहरूंसह काँग्रेसची कार्यकारिणी नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होती आणि याच नगरचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून लढा चालवीत होते, त्या वेळी हातोहात फिरणाऱ्या गुप्त पत्रकांवर कोणाचेही नाव नसे, आणि नसण्यातच त्यांचा पुरुषार्थ होता. परकीय सत्तेपुढे नाव लपवणे ही देशभक्ती होती. स्वतःच्या मतदारापुढे ते लपवणे यास दुसरा शब्द शोधावा लागेल. एकच ओळ, पण ती कोण मागतो आणि कशासाठी मागतो यावर तिचे पुण्यपाप अवलंबून असते, आणि आमच्या लोकशाहीने ती ओळ वारशाने घेताना हा भेद फारसा मनावर घेतला नाही, असे माझे मत आहे.

निवडणुकीचा म्हणून जो नियम आला तो विलायतेहून. तेथील १८८३ च्या भ्रष्ट व अवैध प्रथांच्या प्रतिबंधाच्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली, तो सारा खर्च एका निवडणूक प्रतिनिधीच्या हातूनच व्हावा असा दंडक केला, आणि त्याच्याच जोडीला प्रत्येक भित्तिपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव व पत्ता असावा असे अठराव्या कलमात सांगितले. तेथे पत्रकावरील नाव ही हिशेबाच्या संपूर्ण व्यवस्थेची एक फांदी होती. मूळ होते ते पैशाचे. आमच्याकडे ती व्यवस्था येताना फांद्या आल्या, मूळ मात्र पुरते रुजले नाही. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२० साली पहिल्या निवडणुका व्हावयाच्या होत्या, आणि त्या होण्यापूर्वी भारतीय दंडसंहितेत निवडणूकविषयक अपराधांचे एक नवे प्रकरण घालण्यात आले. त्यातले १७१-एच हे कलम वाचताना आजही कौतुक वाटते. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून जो कोणी त्याच्या निवडणुकीसाठी सभेवर, जाहिरातीवर, परिपत्रकावर वा अन्य कोणत्याही रीतीने पैसा खर्च करील त्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड व्हावा, असा त्याचा आशय. मात्र हौशी कार्यकर्त्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्यास एक पुरवणी जोडलेली होती की, खर्च दहा रुपयांहून अधिक नसेल आणि दहा दिवसांच्या आत उमेदवाराची लेखी संमती मिळवली, तर तो परवानगीनेच केला असे समजावे. १९२० चे दहा रुपये ही काही सामान्य रक्कम नव्हती. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा १७६ झाला, दंड पाचशेवरून दहा हजारांवर गेला; दहा रुपये मात्र दहाच राहिले. चार कार्यकर्त्यांना चहा पाजला तरी आज ही सवलत संपते. शंभर वर्षांत संसदेने या आकड्याकडे पाहिले नाही, यावरून या कलमाखाली किती जणांकडे कधी पाहिले गेले असेल याचा तर्क वाचकाने करावा.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाव नसलेले पत्रक काढणे हे 'अवैध कृत्य' म्हणून समाविष्ट होते. १९५६ च्या दुरुस्तीत ती सगळी वर्गवारीच गाळण्यात आली. आणि पाच वर्षांत चूक उमगली म्हणा वा अनुभव आला म्हणा, १९६१ साली १२७-अ हे कलम घालून ती ओळ परत आणण्यात आली. आज पत्रकाच्या तळाशी जे दिसते ते याच कलमामुळे. नावे छापूनच त्याचे समाधान होत नाही. पत्रक काढू इच्छिणाऱ्याने आपण कोण याचे निवेदन दोन प्रतींत सही करून छापखान्यात द्यावयाचे, त्यास व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष घालावयाची, आणि छपाई झाल्यावर मुद्रकाने निवेदनाची एक प्रत व पत्रकाची एक प्रत राजधानीत छपाई झाली असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, अन्यथा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरकचेरीत, धाडावयाची. न धाडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, वा दोन हजारांपर्यंत दंड, वा दोन्ही. हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती वाढवण्याची कोणतीही रीत ही छपाईच, अशी व्याख्या कलमात आहे. त्यामुळे सायक्लोस्टाइल यंत्रही कलमात सापडले आणि फ्लेक्सही सापडला, पण गेरू आणि चुन्याने रंगवलेली भिंत सापडली नाही. तिच्यासाठी महाराष्ट्राला १९९५ साली मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. सभेची तारीख, वेळ आणि स्थळ एवढेच कळवणारे हँडबिलही या कलमाबाहेर आहे.

तालुक्याच्या गावी ज्यांनी ट्रेडल यंत्राचा छापखाना पाहिला आहे त्यांना या कलमाचा व्यवहार कसा चालत असेल हे सांगावयास नको. रात्री दहाला मजकूर घेऊन चार पोरे जीपमधून उतरावयाची, सकाळच्या बाजाराला पत्रक वाटले गेले पाहिजे म्हणून घाई करावयाची, खिळे जुळवणारा कंदिलाखाली वा मिणमिणत्या दिव्याखाली ओळी बसवू लागावयाचा, आणि प्रकाशक म्हणून नाव कोणाचे घालावयाचे असे मालकाने विचारले की त्या चौघांनी एकमेकांकडे पाहावयाचे. शेवटी त्यांतल्या सर्वांत धाकट्याचे नाव पडे, आणि साक्षीला दुसरे दोघे. पैसे मात्र पाचव्याच कोणाकडून आलेले असत, आणि तो जीपमधून उतरलेलाच नसे. कायद्याच्या दृष्टीने या प्रसंगात काहीही वावगे घडत नाही, कारण प्रकाशक कोण एवढेच कायदा विचारतो, आणि आपण प्रकाशक आहो असे त्या पोराने सहीनिशी सांगितलेले असते.

आता जिल्ह्याकडे वळावयाचे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा सहकाराचे माहेरघर म्हणून ओळखला जातो. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेला प्रवरा कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि त्या पाठोपाठ जिल्हाभर कारखान्यांची रांग लागली. कारखाना आला की रस्ता आला, शाळा आली, दवाखाना आला, पतपेढी आली, आणि या सर्वांच्या जोडीने ट्रॅक्टर, जीपा, सभासद, मुकादम व चिटबॉय यांची एक तयार फौजही आली, जी उसाच्या हंगामात ऊस आणते आणि निवडणुकीच्या हंगामात मतदार आणते. यात कोणास दूषण देण्याचा हेतू नाही. गावाचे ज्याने भले केले त्याच्या पाठीशी गावाने उभे राहावे हे स्वाभाविकच आहे. प्रश्न केवळ हिशेबाचा आहे. प्रचाराला आलेली जीप उमेदवाराची, त्याच्या पक्षाची, कारखान्याची की एखाद्या सभासदाची, आणि तीत भरलेले डिझेल कोणाच्या खात्यावरचे, हे सांगणे ज्या मुलखात जीपवाल्यालाही कठीण, तेथे निवडणूक खर्चाचे विवरणपत्र लिहिणाऱ्याच्या प्रतिभेला चांगलाच वाव मिळणार.

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघात दोन कारखानदार घराण्यांचा सामना झाला. काँग्रेसचे उमेदवार होते सोनईचे यशवंतराव गडाख, मुळा कारखान्याचे संस्थापक, आणि पुढे 'अर्धविराम' हे आत्मकथन लिहून साहित्यातही नाव मिळवलेले गृहस्थ. समोर होते लोणीचे बाळासाहेब विखे पाटील, विठ्ठलरावांचे चिरंजीव, १९७१ पासून शेजारच्या कोपरगाव मतदारसंघातून काँग्रेसचे खासदार म्हणून वारंवार निवडून आलेले आणि या खेपेस अपक्ष उभे राहिलेले. राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी शरद पवार. निकाल गडाखांच्या बाजूने लागला, आणि विखे पाटील निवडणूक अर्ज घेऊन उच्च न्यायालयात गेले. प्रचारसभांतून आपल्याविषयी जे बोलले गेले, म्हणजे आपण अफाट पैसा ओतून मते विकत घेणार अशा आशयाचे जे आरोप झाले, ते खोटे असून आपल्या व्यक्तिगत चारित्र्यावरील आहेत, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे तो भ्रष्टाचार ठरतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९९३ साली उच्च न्यायालयाने तो मान्य करून गडाखांची निवड रद्द केली, विखे पाटील यांस विजयी घोषित केले, आणि शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. राज्याच्या राजकारणात या निकालाने केवढी खळबळ माजवली हे त्या काळची वृत्तपत्रे ज्यांनी चाळली त्यांस ठाऊक आहे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये तेथील निर्णय झाला. गडाखांची निवड रद्द झाली ती रद्दच राहिली. पवारांवरील ठपका पुसला गेला. विखे पाटील यांस विजयी ठरवणारा हुकूमही टिकला नाही, आणि १९९४ साली पोटनिवडणूक होऊन काँग्रेसचे मारुतराव शेळके लोकसभेत गेले. म्हणजे इतका मोठा खटला लढून दोन्ही पक्षकारांपैकी खासदार कोणीच राहिले नाही. गावच्या पारावर या निकालाचा निष्कर्ष कोणत्या शब्दांत काढला गेला असेल ते लिहून ठेवण्याजोगे नसावे.

वकिलांच्या मंडळींत हा खटला भाषणांवरील निर्बंधांचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. परंतु माझ्या मते त्याचे खरे मोल त्यातील एका आनुषंगिक परिच्छेदात आहे. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी, उमेदवारांनी एकमेकांवर पैशाच्या उधळपट्टीचे आरोप करावेत आणि ते लोकांना सहज खरे वाटावेत अशी स्थिती कशामुळे आली याचा विचार करताना, कायद्याच्या मर्मावरच बोट ठेवले. खर्चाची मर्यादा लागू आहे ती उमेदवाराने स्वतः केलेल्या वा करविलेल्या खर्चास. पक्षाने किंवा अन्य कोणी त्याच्यासाठी केलेला खर्च या जाळ्यातून सुखरूप बाहेर निसटतो. म्हणून ही मर्यादा म्हणजे निव्वळ डोळ्यांत धूळफेक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. वरिष्ठ पुढाऱ्यांनी प्रचाराची पातळी स्वतः राखावी, म्हणजे ती खालपर्यंत झिरपेल, असेही त्यांनी बजावले. नगर जिल्ह्याच्या एका भांडणातून देशाच्या निवडणूक कायद्यावरील असा स्पष्ट अभिप्राय निघाला, आणि तोही ज्या खटल्यात वादाचा मुख्य विषय पैसा नव्हे तर पैशाविषयीची बोलणी होती, अशा खटल्यात, हा योग मोठा विलक्षण होय.

न्यायमूर्तींनी ज्या पळवाटेचा उल्लेख केला ती कशी पडली, हे सांगितल्यावाचून मजकूर पुरा होणार नाही. १९७१ च्या निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले, आणि पराभूत झालेले कंवरलाल गुप्ता खटला घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की, पक्षाने एखाद्या विशिष्ट उमेदवारासाठी केलेला खर्च त्याने जाणूनबुजून स्वीकारला असेल तर तो त्याच्याच खात्यात धरला पाहिजे, कारण तसे न केल्यास धनाढ्य पक्ष आणि धनाढ्य मित्र यांच्या आडून मर्यादेचा फज्जा उडेल. चावलांची निवड रद्द झाली. हा निर्णय किती जणांच्या अंगाशी येईल हे दिल्लीत ताबडतोब ओळखले गेले, आणि त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. पुढे त्याचा कायदा होऊन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमास एक स्पष्टीकरण जोडले गेले, ज्याचा अर्थ इतकाच की पक्षाने, संस्थेने वा उमेदवाराखेरीज अन्य कोणीही केलेला खर्च उमेदवाराचा समजू नये. न्यायालयाचा निकाल एवढ्या चपळाईने निकालात काढल्याची उदाहरणे थोडी असतील. रस्ते, धरणे आणि दुष्काळी कामे यांच्या फायली ज्या सरकारात वर्षानुवर्षे मुरत पडत, त्याच सरकारला हे काम मात्र महिन्याच्या आत जमले.

१९९१ साली महाराष्ट्रातील लोकसभा उमेदवारास खर्चाची मर्यादा होती दीड लाख रुपये. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ती पंचवीस हजार होती, १९९४ साली साडेचार लाख झाली, १९९७ साली पंधरा लाख, आणि २०२२ पासून पंच्याण्णव लाख. दीड लाखात अहमदनगरसारख्या मतदारसंघात प्रचार पुरा होतो, ही गोष्ट कोणत्याही उमेदवारास, निवडणूक अधिकाऱ्यास वा मतदारास खरी वाटत नव्हती, तरी ती प्रत्येकाने सहीनिशी खरी मानावयाची असा रिवाज पडून गेला होता.

नगरच्या निकालानंतर काही गोष्टी हलल्या, हे कबूल केले पाहिजे. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते, आणि १२७-अ या निद्रिस्त कलमास जागे करण्याचे काम आयोगाच्या २ सप्टेंबर १९९४ च्या आदेशाने झाले. निवडणूक जाहीर होताच जिल्हा दंडाधिकाऱ्याने मुद्रकांना तंबी द्यावी, मुद्रकाने छपाईनंतर तीन दिवसांत प्रती धाडाव्यात, आणि त्यांसोबत किती प्रती छापल्या व किती मोबदला घेतला हेही विहित नमुन्यात लिहून द्यावे, असे त्यात ठरले. मोबदल्याचा हा एक रकाना म्हणजे पत्रकाच्या कागदावर पैशाचे पहिले पाऊल होय. मात्र किती पैसे मिळाले हे मुद्रक सांगतो, ते कोणी दिले हे त्यास कोणी विचारीत नाही. १९९६ साली कॉमन कॉज या संस्थेच्या अर्जावर न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी पक्षांच्या हिशेबाकडे लक्ष वेधले आणि पक्षांनाही निवडणूक खर्चाचे विवरण आयोगाकडे देणे भाग पडू लागले. २००३ साली १९७४ ची पळवाट बरीचशी बुजवण्यात आली. त्यानंतर उमेदवाराच्या हिशेबातून सुटला तो मुख्यत्वे पक्षाच्या नामांकित प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च. वीस हजारांहून अधिक देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाने आयोगाला कळवावे हा नियमही त्याच वर्षीचा. पक्षाने स्वतः किती खर्च करावा याला मात्र आजतागायत मर्यादा नाही.

दरम्यान छपाईची रीत पालटली. खिळे गेले, फ्लेक्स आला, आणि त्याच्याबरोबर 'शुभेच्छुक' नावाचा एक नवा प्रकाशक जन्मास आला. नगरच्या माळीवाड्यात, संगमनेरच्या बसस्थानकासमोर वा श्रीगोंद्याच्या चौकात उभ्या असलेल्या एखाद्या वाढदिवसाच्या फलकाकडे निरखून पाहावे. वरच्या ओळीत दिल्लीचे नेते, त्याखाली मुंबईचे, मध्ये गॉगल घातलेली भावी उमेदवाराची भव्य मूर्ती, आणि खालच्या पट्टीत तिकिटाएवढ्या चौकटींत पंचवीस-तीस तरुणांचे चेहरे. शेवटी 'समस्त मित्रमंडळ'. फलकाचे पैसे त्या पंचवीस जणांनी वर्गणी काढून दिले की मधल्या मूर्तीनेच दिले, हे चेहरा पाहून कळत नाही, आणि कायदाही ते विचारू शकत नाही, कारण ७७ व्या कलमाचा हिशेब सुरू होतो तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि संपतो निकालाच्या दिवशी. त्याआधीचे सगळे वाढदिवस हिशेबाबाहेरचे. वाढदिवस निवडणुकीच्या वर्षीच एवढे थाटाने का येतात, याचे शास्त्रीय कारण हेच.

अर्ज भरल्यावर मात्र चित्र आता पूर्वीइतके सैल राहिलेले नाही. २०१० नंतर उमेदवाराने स्वतंत्र बँक खाते उघडावे असा नियम आयोगाने केला, आणि अधिकाऱ्यांनी उमेदवाराच्या हिशेबाशेजारी आपली छाया नोंदवही ठेवावी अशी व्यवस्था केली. जिल्हा निवडणूक कचेरी दरसूची काढते, आणि तीत चहाच्या कपापासून मंडप, खुर्ची, ध्वनिक्षेपक, टोपी आणि उपरण्यापर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत ठरलेली असते. सभेत किती खुर्च्या होत्या हे सरकारी चित्रफितीत मोजून तेवढे पैसे उमेदवाराच्या नावे मांडले जातात. जमाखर्चातील खर्चाच्या बाजूला आता बराच कस आला आहे. जमेची बाजू, म्हणजे पैसे आले कोठून, ती अजून जवळपास तशीच आहे.

वृत्तपत्रांच्या बाबतीत तर जाहिरात आणि बातमी यांतला पडदाच महाराष्ट्रात फाटला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा गौरव करणारा एकच मजकूर, 'अशोकपर्व' अशा मथळ्यांनी, निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः सारखा प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पी. साईनाथ यांनी ही विसंगती उजेडात आणली, डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी आयोगाकडे तक्रार केली. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी आयोग करू शकतो असे मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि त्यानंतर आयोगाने चव्हाणांविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. कायद्याने चव्हाण निर्दोष राहिले, हे नमूद केलेच पाहिजे. हा मजकूर कोणाच्या पैशाने छापला गेला, वा पैशावाचूनच छापला गेला, हे मात्र पाच वर्षांच्या कज्ज्यानंतरही वाचकास कळले नाही. दूरचित्रवाणीसाठी १३ एप्रिल २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजकीय जाहिरातींचे पूर्वप्रमाणन सुरू झाले, आणि २०१३ पासून समाजमाध्यमांवरील जाहिरातीही त्यात आल्या; त्यामुळे कलेक्टरकचेरीत आता एक माध्यम समितीही बसते. मोबाइलवर दिसणाऱ्या प्रचाराच्या खाली पैसे देणाऱ्याचे नाव दाखवण्याची पद्धत २०१९ पासून परदेशी कंपन्यांनी आपल्या नियमांनी पाडली, आणि १८६७ पासून ज्या प्रश्नाला आमच्या कायद्याने हात घातला नव्हता तो एका खाजगी कंपनीने विचारला, ही गोष्ट आमच्या संसदेस भूषणावह आहे असे मला वाटत नाही. तेथेही जो नाव देतो ते त्याचे स्वतःचेच की त्या जीपमधल्या धाकट्या पोराचे, ही शंका उरतेच.

याच्या नेमक्या उलट दिशेने २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, ज्यांत देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवणे हाच कायद्याचा हेतू होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, मतदारास माहितीचा अधिकार आहे या भूमिकेवर. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी महाराष्ट्रास २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा मिळवून दिला होता, आणि त्यानंतर तीन वर्षांनी तो देशाला मिळाला; तेव्हा त्या निकालातील युक्तिवादाची एक मुळी पारनेर तालुक्यातून गेलेली आहे असे म्हटले तर ते अगदीच गावकीच्या अभिमानाचे ठरू नये.

पत्रकावर तिसरे नाव यावे, म्हणजे मुद्रक आणि प्रकाशक यांच्या शेजारी 'खर्च अमुक यांचा' असे लिहिणे सक्तीचे व्हावे, यास एका वाक्याची दुरुस्ती पुरेल. तिच्याने सगळी लबाडी थांबेल असे नाही. खोटे नाव घालणारे घालतील. परंतु आज जे न सांगणे कायदेशीर आहे ते उद्या खोटे सांगणे म्हणून गुन्हा ठरेल, आणि निवडणूक अर्ज करणाऱ्याच्या हाती एक सही असलेला कागद येईल. नगरच्या खटल्यात न्यायालयाला असा एकही कागद पैशाविषयी उपलब्ध नव्हता. होती ती फक्त भाषणे.

तोवर वाचकास एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि तो आल्यापासून दोन दिवसांत त्याची नोटीस कचेरीच्या फलकावर लागली पाहिजे. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया भरून कोणीही नागरिक तो हिशेब उघडून पाहू शकतो, आणि ठरलेली फी देऊन त्याची साक्षांकित नक्कलही मागू शकतो. पुढच्या निवडणुकीत घरी येणारी पत्रके रद्दीत न घालता जपून ठेवावीत, तळाच्या ओळीतील प्रतींचे आकडे एका कागदावर उतरून घ्यावेत, आणि महिन्याभराने कलेक्टरकचेरीत जाऊन ते त्या हिशेबाशी ताडून पाहावेत.